शरणपूरचे संस्थापक रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस

आपल्या धर्मग्रामांतील बहुतेकांचे पाय आठवड्यांतून एकदां तरी शरणपूर रस्त्यास लागतात. कोणी बँकेंत जातो, कोणी औषधाच्या दुकानांत, कोणी मुलांस शाळेंत पोंचवावयास. ह्या रस्त्यास शरणपूर हें नांव कां पडलें, असें महोत्सवाच्या तयारीच्या बैठकींत एका तरुणानें विचारलें, तेव्हां आम्हां वडीलधाऱ्यांपैकीं एकासहि धड उत्तर देतां येईना. म्हणून हें चरित्र ह्या स्मरणिकेंत देत आहें. ज्या गृहस्थांचें हें चरित्र आहे ते आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते. चर्च मिशनरी सोसायटीचे, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचे, पाद्री होते. कित्येकांस ह्याचें नवल वाटेल. परंतु भुकेल्यास भाकर देणाऱ्याचा पंथ आधीं विचारावा, असें सेमिनरींत आम्हांस कोणीं शिकविलें नाहीं.

नाशकांत ह्या सोसायटीचें काम इ. स. 1832 पासून चाललें होतें. त्या काळीं एखाद्यानें बाप्तिस्मा घेतला कीं त्याचें काय होई, ह्याची कल्पना आजच्या पिढीस येणें कठीण. जात त्यास वाळींत टाकी. पाणवठा बंद, न्हावी बंद, परीट बंद. बलुतेदार असेल तर बलुतें गेलें. कोणाच्या चाकरींत असेल तर चाकरी गेली. बायकोस माहेरचीं माणसें घेऊन जात, आणि जिवंत माणूस मेला असें समजून त्याच्या नांवानें क्रियाहि उरकीत. धर्मांतरामुळें वारसाहक्क बुडूं नये असा कायदा सरकारनें 1850 सालीं केला, ही गोष्ट चांगली झाली. पण ज्याला मुळीं वतनवाडीच नाहीं त्याला वारसाचा कायदा काय देणार? आणि कायद्यानें विहिरीवरचा पोहरा हातीं येत नाहीं.

विल्यम प्राइस साहेब नाशकास आले तेव्हां त्यांच्यासमोर हीच अडचण होती. उपदेश ऐकून माणूस येई, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या पोटाचा प्रश्न मिशनच्या दारांत उभा राही. त्याला रोज पैसा द्यावा तर तो भिकारी होतो. न द्यावा तर उपाशी मरतो किंवा परत जातो. हा पेंच आपल्या येशूसंघीय धर्मगुरूंनाहि पुढें नगर जिल्ह्यांत चांगलाच जाणवला. प्राइस साहेबांनीं त्यावर जो उपाय काढला तो असा कीं, 1854 सालीं शहराच्या पश्चिमेस निराळें गांवच वसविलें. त्यास शरणपूर हें नांव दिलें. जुन्या करारांत पळून आलेल्याच्या आश्रयासाठीं सहा शरणपुरें नेमलेलीं आहेत, तें वाचकांस आठवेलच. येथें राहावयास घर होतें, प्रार्थनामंदिर होतें, शाळा होती. आणि मुख्य म्हणजे हातास काम होतें. सुतारकी, लोहारकी, शेती असे धंदे तेथें शिकवीत. ज्याच्या बापजाद्यांनीं कधीं रंधा हातीं धरला नाहीं तो रंधा धरूं लागला. आमच्या देशांत त्या काळीं धंदा जातीबरोबर जन्मास येई. जात सुटली कीं धंदाहि सुटे. दुसरा धंदा शिकविल्यावांचून बाप्तिस्मा घेणाऱ्याची सोय पुरी होत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें, ह्यांतच माझ्या मतें त्यांचा मोठेपणा आहे.

ह्या वसाहतींत पुढें आणखी एक निराळेच शरणागत आले. आफ्रिकेंतून गुलाम भरून नेणारीं अरबी गलबतें इंग्रजी लढाऊ जहाजें समुद्रांत पकडीत, आणि सुटलेलीं मुलें मुंबईस आणून सोडीत. त्यांतील पुष्कळ मुलें 1860 पासून शरणपुरांत येऊन राहिलीं. गोदावरीच्या कांठीं तीं लिहावयास, वाचावयास आणि हत्यार धरावयास शिकलीं. डॉक्टर लिव्हिंग्स्टन ह्यांनीं आपल्या शेवटच्या प्रवासासाठीं ह्यांतूनच नऊ तरुण निवडून 1866 सालीं बरोबर नेले. त्यांतील एकाचें नांव सायमन प्राइस असें होतें. हे सगळेच कसास उतरले असें मात्र नाहीं. लिव्हिंग्स्टन साहेबांनीं त्यांच्याविषयीं बरीच कुरकुर केली आहे, आणि कांहीं जण वाटेंतूनच निघून गेले. परंतु मागाहून पाठविलेला जेकब वेनराइट हा शरणपूरचाच विद्यार्थी. 1873 च्या मे महिन्यांत लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हां त्यानें अंत्यविधीच्या प्रार्थना वाचल्या आणि झाडावर त्यांचें नांव कोरलें. सोबत्यांनीं तें शव हजार मैलांहून अधिक वाट तुडवून समुद्रापर्यंत नेलें. 18 एप्रिल 1874 रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेंत दफन झालें, त्या वेळीं मानकऱ्यांत हा गुलामगिरींतून सुटलेला मुलगाहि होता.

त्याच वर्षीं सोसायटीनें प्राइस साहेबांस पूर्व आफ्रिकेंत पाठविलें. मोंबासा बेटासमोर त्यांनीं 1875 सालीं फ्रियरटाउन ही वसाहत घातली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांचें तें नांव. त्या वसाहतीचे पहिले सुतार, लोहार, शिक्षक, उपदेशक कोण? नाशकाकडे वाढलेले आफ्रिकी स्त्रीपुरुष. सुमारें दीडशें माणसें इकडून तिकडे गेलीं. शरणपुरांत शिकलेले विल्यम जोन्स तर 1864 पासूनच त्या किनाऱ्यावर होते, आणि 1885 सालीं त्यांस धर्मसेवकाची दीक्षा मिळाली. काल ज्यांस आश्रय मिळाला तेच आज दुसऱ्यांस आश्रय देऊं लागले.

ह्याची किंमत नाशकास मोजावी लागली. आफ्रिकी आश्रम बंद झाला, हातचीं शिकलेलीं माणसें गेलीं, आणि शरणपूरची भरभराट ओसरली. एका माणसाच्या उत्साहावर आणि परदेशच्या पैशावर फार गोष्टी अवलंबून होत्या, हा त्या योजनेंतला दोष होता. तो झांकण्याचें कारण नाहीं.

1888 सालीं प्राइस साहेब पुन्हां मोंबाशास गेले, तेव्हां जवळच्या राबाई येथें मालकांकडून पळालेल्या गुलामांची मोठी दाटी झाली होती. अरब मालक ते परत मागत होते. न दिल्यास रक्तपात होईल अशी भीति होती. इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे मॅकेन्झी साहेब ह्यांनीं मालकांस मोबदला देण्याचें ठरविलें. 1 जानेवारी 1889 रोजीं चौदाशेंच्या वर माणसांच्या मुक्ततेचे कागद तयार झाले, आणि एकेकास नांवानें पुढें बोलावून ते देण्यांत आले.