दमसास आणि दमा : रॉबर्ट डोनॅट यांची कारकीर्द

1939 हे वर्ष चित्रपटाच्या इतिहासात सुवर्णवर्ष म्हणून ओळखले जाते. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या ऑस्करसाठी ‘गॉन विथ द विंड’चे क्लार्क गेबल, ‘वुदरिंग हाइट्स’चे लॉरेन्स ऑलिव्हिए, तसेच जेम्स स्टुअर्ट आणि मिकी रूनी हे स्पर्धेत होते. पुरस्कार मात्र मिळाला तो मँचेस्टरच्या रॉबर्ट डोनॅट यांना, ‘गुडबाय, मिस्टर चिप्स’मधील शाळामास्तरांच्या भूमिकेसाठी. ज्यांना त्यांनी मागे टाकले, त्यांची नावे आजही सर्वतोमुखी आहेत. डोनॅट यांचे नाव जुन्या चित्रपटांच्या जाणकारांपुरतेच उरले आहे. या विस्मरणाचे मोठे कारण त्यांच्या छातीत होते. आपल्या रंगभूमीवर गायक नटाची परीक्षा दमसासावर होत असे. इंग्रजी रंगभूमीवरील अत्यंत सुरेल आवाजांपैकी एक ज्यांना लाभला, त्या डोनॅट यांना दम्याने मात्र उभ्या आयुष्यात स्वस्थता दिली नाही.

18 मार्च 1905 रोजी मँचेस्टरच्या विदिंग्टन भागात त्यांचा जन्म झाला. चार भावंडांत ते धाकटे. लहानपणी ते बोलताना अडखळत. हा दोष जावा म्हणून त्यांना जेम्स बर्नार्ड या वाणीशिक्षकाकडे पाठवण्यात आले. तेथे जिभेची अडखळण गेलीच, शिवाय शब्द, विराम आणि श्वास यांची जाण कायमची अंगी बाणली. शिकवणीचा खर्च भागावा म्हणून पंधराव्या वर्षी शाळा सोडून त्यांनी बर्नार्ड यांच्याकडेच लेखनिकाचे काम पत्करले. 1921 मध्ये, सोळाव्या वर्षी, बर्मिंगहॅम येथे ‘ज्यूलियस सीझर’मधील ल्युशियस या लहानशा भूमिकेतून ते प्रथम रंगमंचावर आले. 1924 पासून काही वर्षे फ्रँक बेन्सन यांच्या फिरत्या मंडळीत गावोगावी शेक्सपिअरची नाटके करत ते घडले. आपल्याकडील नाटक कंपन्यांप्रमाणेच ती एक कठोर शाळा होती.

1930 मध्ये ते लंडनला आले. पुढच्याच वर्षी ‘प्रेशस बेन’ या नाटकातील गिडियन सार्नच्या भूमिकेने समीक्षकांचे लक्ष वेधले. चित्रपटाचे दार मात्र लवकर उघडेना. कॅमेऱ्यासमोरच्या चाचण्यांत ते इतक्यांदा नापास झाले की, ‘स्क्रीन टेस्ट डोनॅट’ असे टोपणनावच त्यांना पडले. अखेर निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांनी त्यांना करारबद्ध केले आणि ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ (1933) या जगभर गाजलेल्या चित्रपटातून त्यांचा चेहरा सर्वदूर पोहोचला.

1934 मध्ये ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’साठी ते हॉलिवूडला गेले. चित्रपट यशस्वी झाला. परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही. पुढे चालून आलेला ‘कॅप्टन ब्लड’ त्यांनी केला नाही आणि ती भूमिका मिळालेला एरॉल फ्लिन हा तोवर अपरिचित असलेला तरुण रातोरात तारा झाला. हॉलिवूडमध्ये जाऊन त्यांनी पुन्हा चित्रपट केला नाही. इंग्लंडमध्येच 1935 साली हिचकॉक यांच्या ‘द थर्टीनाइन स्टेप्स’मध्ये त्यांनी रिचर्ड हॅने साकारला. खुनाचा आळ आलेला, पोलीस आणि हेर या दोघांनाही चुकवत पळणारा, तरीही मिस्कीलपणा न सोडणारा हा नायक पुढील अनेक रहस्यपटांचा आदर्श ठरला.

दम्याने उग्र रूप दाखवले ते ‘नाइट विदाउट आर्मर’च्या (1937) वेळी. डोनॅट अंथरुणाला खिळले आणि काम आठवडेच्या आठवडे खोळंबले. कोर्डा नायक बदलण्याच्या विचारात होते. परंतु नायिका मार्लीन डीट्रिश यांनी डोनॅट यांच्यासाठी थांबण्याचा आग्रह धरला, म्हणून ती भूमिका वाचली.

पुढची दोन वर्षे त्यांच्या कारकिर्दीचे शिखर होती. ए. जे. क्रोनिन यांच्या कादंबरीवरील ‘द सिटाडेल’मध्ये (1938) ते वेल्सच्या खाणगावातील तरुण डॉक्टर झाले. खाणकामगारांच्या फुप्फुसांच्या विकाराचा शोध घेणाऱ्या डॉक्टरची ही भूमिका करणाऱ्या नटाचीच फुप्फुसे दुबळी होती. याच कादंबरीवरून विजय आनंद यांनी पुढे ‘तेरे मेरे सपने’ काढला. चित्रपटात दृश्ये कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रसंगी पात्राची मनःस्थिती कुठवर आली आहे, याचा तक्ता डोनॅट यांनी स्वतः आखून ठेवला होता. हीच शिस्त ‘मिस्टर चिप्स’मध्ये फळाला आली. त्यात पंचविशीच्या आसपासच्या बुजऱ्या शिक्षकापासून ऐंशी ओलांडलेल्या वृद्धापर्यंतचा सारा प्रवास त्यांनी वयाच्या चौतिशीत उभा केला. रंगभूषा उत्तम होतीच. पण म्हातारपण दिसते ते चालण्यात, थबकण्यात आणि वाक्याच्या शेवटी मंद होत जाणाऱ्या आवाजात.

त्यानंतर ज्या वेगाने काम वाढायला हवे होते, ते वाढले नाही. ‘द यंग मिस्टर पिट’ (1942), ‘द विन्स्लो बॉय’ (1948) आणि चित्रपटतंत्राचे एक आद्य संशोधक विल्यम फ्रीझ-ग्रीन यांच्यावरील ‘द मॅजिक बॉक्स’ (1951) या चित्रपटांनी त्यांची प्रतिष्ठा राखली. मात्र प्रत्येक होकारामागे प्रकृतीचा हिशेब होता. डेव्हिड लीन यांच्या ‘हॉब्सन्स चॉइस’मधून दम्यामुळेच त्यांना माघार घ्यावी लागली आणि ती भूमिका जॉन मिल्स यांच्याकडे गेली. 1932 पासूनच्या सव्वीस वर्षांत त्यांचे चित्रपट जेमतेम विसाच्या घरात पोहोचतात.

1953 मध्ये ओल्ड व्हिक रंगमंचावर टी. एस. एलियट यांच्या ‘मर्डर इन द कॅथीड्रल’मध्ये त्यांनी आर्चबिशप बेकेट साकारला. दीर्घ पद्यमय भाषणे असलेली, सलग दमसास मागणारी ही भूमिका. प्रयोगाच्या वेळी विंगेत ऑक्सिजनची नळकांडी सज्ज ठेवलेली असत. हे त्यांचे अखेरचे नाटक ठरले.

इंग्रिड बर्गमन यांच्यासोबतचा ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. त्यात ते चिनी सुभेदार झाले होते. इंग्रज नटाला चिनी रंगवण्याची ती प्रथा आज खटकते आणि खटकायलाच हवी. तरीही त्या भूमिकेतील निरोपाचा प्रसंग विसरता येत नाही, कारण तो खराच निरोप होता. प्रकृती पूर्ण ढासळलेली असताना त्यांनी तो पुरा केला. 9 जून 1958 रोजी, वयाच्या 53 व्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. चित्रपट प्रदर्शित झाला तो त्यानंतर. आपण पुन्हा भेटणार नाही, असे तो वृद्ध अधिकारी हळुवारपणे सुचवतो तेव्हा आवाज थकलेला आहे. पण एकही शब्द अडखळत नाही. मँचेस्टरच्या त्या बोबड्या मुलाने शाळा सोडून जे शिक्षण घेतले होते, ते शेवटच्या वाक्यापर्यंत त्याच्या सोबत राहिले.