संत गोन्सालो गार्सिया : बंद दारापलीकडची देवाची वाट

भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून ज्यांचा गौरव होतो, ते संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज, तर आई स्थानिक होती. येशूसंघीय धर्मगुरूंच्या छायेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे त्यांच्याबरोबर ते जपानला गेले, तेथील भाषा शिकले आणि धर्मशिक्षक म्हणून सेवा करू लागले. येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची मनीषा मात्र पूर्ण झाली नाही.

निराश अंतःकरणाने ते व्यापाराकडे वळले. त्यात यश लाभले, पण मनःशांती लाभली नाही. अखेर मनिला येथे त्यांनी फ्रान्सिस्कन संघात व्रतस्थ बंधू म्हणून प्रवेश केला. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासमवेत जपानला जाण्यासाठी दुभाष्याची गरज भासली, तेव्हा निवड झाली ती गोन्सालो यांचीच! वाया गेलेली वाटणारी वर्षे परमेश्वराने अशी सार्थकी लावली.

१५९६ च्या अखेरीस सत्ताधीश हिदेयोशीच्या आज्ञेने त्यांना अटक झाली. ऐन हिवाळ्यात त्यांना क्योतोहून नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी अन्य २५ जणांसह त्यांनी क्रूसावर प्राणार्पण केले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

पावसाळ्यात पन्हाळ्याचा घाट चढताना धुक्यामुळे पुढचे वळण दिसत नाही. तरी वाटसरू रस्त्यावर विसंबून पाऊल टाकतो. आपली एखादी इच्छा अपुरी राहिली, तर देवावर असाच भरवसा ठेवण्याचे बळ आपणांस लाभो.