राखून ठेवलेले शिखर

चेन्नईला गेलेल्या कॅडेट्सनी सर थॉमस मन्रो यांचा अश्वारूढ पुतळा पाहिला असेल. घोड्याला रिकीब नाही, म्हणून तो लोकांच्या लक्षात राहतो. मद्रासचे गव्हर्नर होण्याआधी, १८१८ मध्ये, पेशव्यांच्या फौजेकडून सोलापूर घेणारे सेनानी तेच. आज मला सांगायचे आहे ते त्यांच्या नातवाविषयी. आजोबांनी किल्ले घेतले, नातवाने डोंगर मोजले.

सर ह्यू मन्रो यांचा जन्म १८५६ मध्ये लंडनला झाला. तरुणपणी ते दक्षिण आफ्रिकेत नाताळच्या गव्हर्नरांचे खासगी सचिव होते. तिथे १८८०-८१ च्या बसुटो युद्धात ते घोडदळातून लढले. मायदेशी परतल्यावर ते स्कॉटलंडमधील लिंडर्टिस या घराण्याच्या वतनावर राहू लागले आणि १८८९ मध्ये तिथल्या गिर्यारोहण क्लबचे संस्थापक सदस्य झाले.

स्कॉटलंडमध्ये ३००० फुटांहून उंच डोंगर नेमके किती, हे तेव्हा कोणालाच नीट सांगता येत नव्हते. मन्रो यांनी सर्वेक्षणाचे नकाशे बारकाईने तपासले आणि वायुभारमापक घेऊन डोंगर पालथे घातले. १८९१ मध्ये क्लबच्या नियतकालिकात त्यांची यादी छापून आली. तीत ५३८ माथे होते आणि त्यांतले २८३ स्वतंत्र डोंगर होते. थोडीथोडकी नावे अपेक्षिणारे वाचक चकित झाले.

आपले कळसूबाई १६४६ मीटर, तर स्कॉटलंडचे सर्वोच्च बेन नेव्हिस १३४५ मीटर. त्यावरून या डोंगरांना हलके समजू नका. हिवाळ्यात तिथला दिवस जेमतेम सहा-सात तासांचा असतो आणि वारा, बर्फ, धुके वाट पुसून टाकतात. मन्रो अशा दिवसांतही जात. जमीनमालकांचा अडथळा नको म्हणून कधी रात्रीच निघत.

यादी सर्वांत आधी पूर्ण केली ती मात्र दुसऱ्याने. १९०१ मध्ये ए. ई. रॉबर्टसन या धर्मोपदेशकाने शेवटचा डोंगर सर केला. मन्रो यांचे काही माथे अजून बाकी होते. एक होता स्काय बेटावरचा ‘इनअ‍ॅक्सेसिबल पिनॅकल’ हा उभा कातळ. तिथे दोराशिवाय काम नाही. दुसरा, ‘कार्न क्लोख-वुलिन’, त्यांनी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवला होता. नावाचा अर्थ साधारण जात्याच्या दगडाचा डोंगर.

मी नकाशावाचन शिकवतो, त्यामुळे तो शेवटचा दिवस मी नकाशावर अनेकदा चालून पाहिला आहे. डी नदीच्या काठाने सुमारे ५ किलोमीटर गेले की व्हाइट ब्रिज लागतो. पुढे खुरट्या झुडपांचा चढ, मग ९४२ मीटरचा माथा. तिथून डोंगरधार वायव्येला साधारण २ किलोमीटरवरच्या बेन व्रोटन या थोरल्या डोंगराला जाऊन भिडते. दोर नको, सोबतीही नको. सराव असलेला माणूस एकटा सकाळी निघून अंधाराआधी परत येईल, असा हा मार्ग.

मन्रो यांना तो एक दिवस मिळाला नाही. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते जवळजवळ ५८ वर्षांचे होते. भरतीचे वय उलटले होते, तरी ते घरी बसले नाहीत. माल्टा बेटावर त्यांनी बेपत्ता आणि जखमी सैनिकांचा ठावठिकाणा शोधण्याचे काम उभे केले. १९१८ मध्ये दक्षिण फ्रान्समधील तारास्कॉन येथे त्यांनी सैनिकांसाठी कॅन्टीन सुरू केले. तिथेच न्यूमोनिया होऊन मार्च १९१९ मध्ये ते वारले. त्यांची सुधारित यादी १९२१ मध्ये, त्यांच्या पश्चात छापली गेली.

पुढे १९८१ च्या फेरतपासणीत कार्न क्लोख-वुलिनचे नाव स्वतंत्र डोंगरांतून वगळले गेले. काही कॅडेट्सना हे ऐकून वाईट वाटते. मला वाटते, मन्रो यांनी तक्रार केली नसती. स्वतःची यादी तेही अखेरपर्यंत दुरुस्त करतच होते. आज या यादीत २८२ डोंगर आहेत आणि त्यांना ‘मन्रो’ म्हणतात. हजारो लोकांनी ते सर्व पूर्ण केले आहेत. ज्याच्या नावाने ते मोजले जातात, त्याच्या हिशेबात मात्र बाकी राहिली. ती का राहिली, हे माल्टा आणि तारास्कॉनच्या सैनिकांना ठाऊक होते.