फ्रेड ड्यूसेनबर्ग

फ्रेडरिक ऊर्फ फ्रेड ड्यूसेनबर्ग (६ डिसेंबर १८७६ – २६ जुलै १९३२) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन मोटार-अभियंते व उद्योजक होते. शर्यतीच्या गाड्या आणि 'मॉडेल जे' ही आलिशान मोटार यांमुळे त्यांचे नाव प्रसिद्ध झाले. मोटारीच्या चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक बसवून ते शर्यतीत आणि नंतर विक्रीच्या गाडीत यशस्वी करून दाखवणे, हे त्यांचे अभियांत्रिकीतील सर्वांत टिकाऊ कार्य मानावे लागेल.

प्रारंभिक जीवन

फ्रेड यांचा जन्म जर्मनीतील लिपे प्रांतात झाला. वडिलांच्या निधनानंतर १८८५ मध्ये हे कुटुंब अमेरिकेतील आयोवा राज्यात स्थायिक झाले. फ्रेड यांनी अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण घेतले नव्हते. तरुणपणी ते सायकली बनवत आणि सायकलींच्या शर्यतींत भागही घेत. काही काळ त्यांनी विस्कॉन्सिनमधील 'रॅम्बलर' मोटारींच्या कारखान्यात काम केले. १९०६ मध्ये डे मॉइन येथील वकील एडवर्ड मेसन यांच्या भांडवलावर त्यांनी 'मेसन' ही मोटार बाजारात आणली. धाकटे बंधू ऑगस्ट हे जवळजवळ प्रत्येक उद्योगात त्यांच्या सोबत होते. १९१३ मध्ये या बंधूंनी सेंट पॉल येथे स्वतःची कंपनी काढली. पुढच्याच वर्षी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत एडी रिकेनबॅकर यांनी ड्यूसेनबर्ग गाडी चालवून दहावा क्रमांक मिळवला.

ब्रेकविषयक कार्य

त्या काळातील बहुतेक मोटारींना केवळ मागच्या चाकांवर ब्रेक असत आणि पेडलचा जोर सळ्या किंवा तारांमार्फत चाकांपर्यंत पोहोचे. या रचनेत प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई असे, तारा ताणल्या जात आणि ब्रेकचे अस्तर प्रत्येक चाकावर वेगवेगळ्या प्रमाणात झिजे. परिणामी एक चाक आधी धरले जाई, दुसरे उशिरा, आणि गाडी एका बाजूला ओढली जाई. पुढच्या चाकांना ब्रेक लावायचे तर अडचण आणखी वाढे. कारण ही चाके वळतात आणि खाचखळग्यांत वरखाली होतात, त्यामुळे सळ्यांची ओढ बदलत राहते. पायाखाली आधी पोकळ हालचाल, मग एकदम ताठरपणा, असा पेडलचा अनुभव असे. प्रत्यक्ष चाकाशी काय घडते आहे, याचा अंदाज त्यावरून चालकाला क्वचितच येई.

यावरचा उपाय पास्कल यांच्या सतराव्या शतकातील नियमात होता. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो. पेडलने एका सिलिंडरमधील द्रव दाबला, तर समान आकाराच्या सिलिंडरांमार्फत डाव्या-उजव्या चाकांवर सारखाच जोर पडतो आणि अस्तरांच्या असमान झिजेची भरपाई आपोआप होते. द्रव जवळजवळ दबत नसल्यामुळे पायाला मिळणारा विरोध घट्ट आणि जोराच्या प्रमाणात असतो. मात्र नळ्यांत हवा शिरली की पेडल स्पंजासारखे मऊ लागते आणि गळती झाली की ते थेट तळाला जाते. मॅल्कम लॉकहीड हेही याच सुमारास अशा ब्रेकवर काम करत होते. ड्यूसेनबर्ग यांच्या रचनेत पाणी व ग्लिसरीन यांचे मिश्रण वापरले जाई. पुढच्या चाकांपर्यंत ते आसातून आणि चाक ज्यावर वळते त्या पोकळ खुंट्यातून नेलेले असे.

या रचनेची खरी परीक्षा २५ जुलै १९२१ रोजी ल माँ येथील फ्रेंच ग्रांप्रीत झाली. सुमारे ५१७ किलोमीटरच्या या शर्यतीत रस्ता उखडून दगड उडत होते. सरावातील अपघातात बरगड्यांना मार बसलेले जिमी मर्फी पट्ट्या बांधूनच गाडीत बसले. वळणाच्या अगदी जवळ जाऊन उशिरा ब्रेक दाबता येणे, हा त्यांना मोठा लाभ ठरला. शेवटी दगडाने रेडिएटर फुटला, टायर फाटला. तरीही ते बॅलो गाडीच्या राल्फ डी पाल्मा यांच्या सुमारे पंधरा मिनिटे आधी पोहोचले. अमेरिकन चालकाने अमेरिकन गाडीतून युरोपीय ग्रांप्री जिंकण्याचा असा प्रसंग पुन्हा यायला १९६७ साल उजाडावे लागले.

'मॉडेल ए' आणि 'मॉडेल जे'

इंडियानापोलिस येथे बनलेली 'मॉडेल ए' ही चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली पहिली अमेरिकन विक्रीची मोटार होय. गाडी जाहीर झाल्यावरही फ्रेड यांनी इंजिनाची रचना बदलली आणि त्यापायी ग्राहकांना मोटारी मिळण्यास विलंब झाला. अभियंता म्हणून जो चोखंदळपणा त्यांचे बळ होता, तोच व्यापारात त्यांना नडला. १९२४, १९२५ आणि १९२७ मध्ये ड्यूसेनबर्ग गाड्यांनी इंडियानापोलिसची शर्यत जिंकली; कंपनी मात्र १९२४ मध्येच दिवाळखोरीच्या व्यवस्थापनाखाली गेली होती. १९२६ मध्ये एरेट लॉबन कॉर्ड यांनी ती विकत घेतली आणि सर्वोत्तम मोटार घडवण्याचे काम फ्रेड यांच्यावरच सोपवले.

डिसेंबर १९२८ मध्ये सादर झालेल्या 'मॉडेल जे'ची जाहीर केलेली शक्ती २६५ अश्वशक्ती होती. अशा जड आणि वेगवान गाडीला थांबवण्यासाठी केवळ पायाचा जोर अपुरा पडे, म्हणून पुढे तिला निर्वाताच्या साहाय्याने चालणारे ब्रेक दिले गेले. परंतु साहाय्य अधिक झाले, तर निसरड्या रस्त्यावर हलक्या स्पर्शानेही चाके जखडतात. यासाठी चालकासमोर एक नियंत्रक असे आणि कोरडा रस्ता, पाऊस, हिम व बर्फ यांनुसार साहाय्याचे प्रमाण कमी-जास्त करता येई.

मृत्यू व त्यानंतर

२ जुलै १९३२ रोजी पेन्सिल्व्हेनियातील जॉन्सटाउनजवळच्या डोंगराळ भागात ओल्या रस्त्यावर फ्रेड यांच्या सुपरचार्जर बसवलेल्या ड्यूसेनबर्गला अपघात झाला. ते सावरत आहेत असे वाटत असतानाच त्यांना न्यूमोनिया झाला आणि २६ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन इंडियानापोलिस येथे करण्यात आले. कंपनी १९३७ मध्ये बंद पडली. बंधू ऑगस्ट १९५५ पर्यंत हयात होते. सुपरचार्जर असलेल्या 'एसजे' प्रकारातील एक गाडी इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (द्वितीय) यांनी घेतली होती. तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग या कंपनीने बांधला होता.