ज्यांनी वाचक घडवले

बालमित्रांनो, डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपल्याला राज्यघटना आठवते. पण त्यांनी आणखी एक मोठे काम केले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिकू दिले नव्हते, त्यांना त्यांनी वाचक बनवले. त्याची सुरुवात मुंबईत परळला झाली.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार मुलांना घेऊन मुंबईस आले व परळच्या डबक चाळीत राहू लागले. परळ ही तेव्हा गिरणी कामगारांची वस्ती. खोली एकच! स्वयंपाक, झोपणं, अभ्यास सगळं तिथंच. म्हणून भीमराव लवकर झोपत आणि रात्री दोन वाजता वडील त्यांना उठवत. तेव्हा कुठे शांतपणे अभ्यास होई. ते मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी ढीगभर जुनी पुस्तके घेतली. त्याच शहरात डू बॉइस नावाचे विद्वान तिथल्या काळ्या लोकांसाठी ‘क्रायसिस’ हे मासिक चालवीत होते. पुढे १९४६ साली या दोघांचा पत्रव्यवहार झाला.

परत आल्यावर बाबासाहेब परळच्याच बी. आय. टी. चाळीत राहिले. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पण एका नामांकित वर्तमानपत्राने पैसे देऊ केले तरी त्याची जाहिरात छापली नाही.

१९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिची कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये होती. सभेने सोलापूरला वसतिगृह आणि मुंबईत मोफत वाचनालय उघडले. वसतिगृहातल्या मुलांनी तर ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले. आपल्या भित्तिपत्रकासारखंच की!

३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले. पगारी संपादक ठेवायला पैसा नव्हता. बाबासाहेब स्वतःच रकानेच्या रकाने लिहीत. वर्गणीदार थोडे, पण ऐकणारे पुष्कळ. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचे अन् बाकीचे भोवती बसून ऐकत. १९२९ साली ते पत्र बंद पडले. तरी बाबासाहेब खचले नाहीत. १९३० साली ‘जनता’ सुरू झाले. पुढे पुस्तकांसाठी त्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधले.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. पण त्यांनी घडवलेले वाचक आता लेखक होऊ लागले होते. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. अण्णाभाऊ साठे यांनी ‘फकिरा’ कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली.

मित्रांनो, आपल्या घरी आजी-आजोबांना वाचता येत नसेल, तर रोज थोडे मोठ्याने वाचून दाखवू या. आणि पालकहो, तुम्हीही घटकाभर ऐकायला बसा.