मुधोळच्या श्वानांचे आश्रयदाते मालोजीराव घोरपडे

आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात असलेल्या मुधोळ या मराठा संस्थानाच्या गादीवर मालोजीराव घोरपडे १९०० मध्ये आले. परिसरातील बेडर शिकाऱ्यांकडची सडपातळ, वेगवान, ग्रेहाउंडच्या अंगलटीची कुत्री त्यांच्या नजरेत भरली. निवडक नर-मादींच्या जोड्या लावून घोरपडे घराण्याच्या आश्रयाखाली त्यांनी पैदास सुरू केली. ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज यांना या श्वानांची जोडी भेट दिल्यानंतर मुधोळ हाउंड हे नाव रूढ झाले, असे सांगतात. ज्यांनी ही जात मुळात जोपासली, त्या बेडरांचे नाव मात्र मागे पडले. मालोजीरावांची कारकीर्द १९३७ पर्यंत चालली. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये या श्वानावर तिकीट काढले.