तेलाच्या घाण्याचा हिशेब मांडणारे कुमारप्पा

पावसाळा सरत आला की शहापूर-मुरबाडच्या वरकस जमिनीवर खुरासणी पिवळीधमक फुलते. खाचरात भात, उतारावर नाचणी, वरी आणि खुरासणी, रानात मोह. मोहाची फळे मे-जूनमध्ये पिकतात. ती फोडून बिया वाळवायच्या, त्याही पहिला पाऊस गाठायच्या आत. खुरासणीत वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक तेल, मोहाच्या बियांच्या गरात तर जवळजवळ निम्मे. हे तेल गावात काढायचे की बी बाहेर विकून पिशवीतले तेल विकत आणायचे? हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी वर्ध्यात एका हिशेबतपासनिसाने फार गंभीरपणे घेतला होता. त्यांचे नाव जे. सी. कुमारप्पा.

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आडनाव कॉर्नेलियस. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झाले, मुंबईत स्वतःची पेढी काढली, मग अमेरिकेत सिरॅक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत शिकले. कोलंबियात सार्वजनिक वित्ताचा अभ्यास करताना हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे मूळ सरकारी जमाखर्चात कसे आहे, ते त्यांना दिसले. पुढे घराण्यातले कुमारप्पा हे जुने नाव त्यांनी धारण केले. मे १९२९ मध्ये तो प्रबंध घेऊन ते साबरमतीला गेले, तेव्हा झाडाखाली सूत कातणारे वृद्ध गृहस्थ म्हणजेच गांधीजी हे त्यांच्या लक्षातही आले नव्हते. सूटबूट लवकरच गेला. खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी त्यांनी गावोगाव फिरून केली. हिशेबाला ते इतके कडक होते, की बिहार भूकंपाच्या मदतनिधीतून खुद्द गांधीजींच्या सोबतच्या मंडळींचा खर्च द्यायलाही त्यांनी नकार दिला.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली बाग आणि इमारत दिली. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे मगनवाडी झाले. हातसडीचा तांदूळ, गूळ, कागद, मधमाश्या, साबण असे बरेच प्रयोग तिथे चालले, पण तेलघाण्यावर जेवढी बारीक नजर होती तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावर असेल. झवेरभाई पटेल यांनी निरनिराळ्या प्रांतांतले घाणे तपासून सुधारित घाणा बसवला. उखळ, लाट आणि बैल तेच. मापे आणि जोडणी बदलून बैलाचे कष्ट कमी आणि तेल जास्त, असा तो मगन घाणा.

घाण्यातली खरी गंमत पाण्यात आहे. तीळ घातले की तेली थोडे थोडे पाणी शिंपडतो. तेल काढायला पाणी कशाला, असे नवख्याला वाटते. बीमध्ये तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपात असते, प्रत्येक थेंबाला प्रथिनाचे वेष्टन आणि भोवती पेशीची भिंत. लाट पेशी चिरडते. पण सुटलेले तेल चोथ्याला चिकटून राहते. प्रथिने आणि तंतू यांचे तेलापेक्षा पाण्याशी अधिक जुळते. म्हणून पाणी चोथ्यात शिरते, तेलाला बाहेर ढकलते आणि पेंड घट्ट बांधली जाते. पाणी जास्त झाले तर मात्र सारे दुधासारखे फेसाळते आणि तेल सुटता सुटत नाही. हे प्रमाण तेल्याच्या हाताला ठाऊक असे.

गिरणीवाल्यांचा आक्षेप साधा होता: घाण्याच्या पेंडीत दहा-बारा टक्के तेल वाया जाते. कुमारप्पांचा हिशेब वेगळा. ते तेल वाया जात नाही, गावातल्या बैलाच्या पोटात जाते. बी गिरणीला गेले तर तेलाबरोबर पेंडही जाते, तेल्याचे काम जाते आणि बैल रिकामा उभा राहतो. (मोहाची पेंड याला अपवाद, तिच्यातल्या सॅपोनिनमुळे ती तशीच जनावरांना घालता येत नाही.) अखाद्य तेलांसाठी मगनवाडीत मगनदीप नावाचा कंदील तयार झाला, रॉकेलऐवजी वनस्पतीतेलावर जळणारा. वनस्पती तुपाला तर त्यांचा कडवा विरोध होता. त्यातल्या ट्रान्स मेदाचा हृदयाला होणारा अपाय विज्ञानाने ठामपणे दाखवला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि भारतात त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आली २०२२ मध्ये. कुमारप्पांचे कारण निराळे, गावच्या तेल्याचे होते. तरी निष्कर्ष चुकला नाही.

सगळेच त्यांचे बरोबर निघाले असे नाही. घाणा गिरणीपुढे टिकला नाही. पुढे हेक्झेन या द्रावकाने पेंडीतले तेल एक टक्क्याच्या आसपास आणले, आणि हा फरक भावनेने भरून निघणारा नव्हता.

मात्र हेक्झेन पेट्रोलियमपासून बनते, ज्वालाग्राही असते, त्याची वाफ मज्जातंतूंना घातक. म्हणून आता संशोधक पुन्हा पाण्याकडे वळले आहेत. बी दळून कोमट पाण्यात कालवायचे, त्यात सेल्युलेज, पेक्टिनेज, प्रोटिएज ही विकरे घालायची. पहिली दोन पेशीभिंत सैल करतात, तिसरे थेंबाभोवतीचे प्रथिन तोडते. काही तासांनी मिश्रण फिरवले की तेल वर, पाणी मध्ये, चोथा खाली. अडचण तेल्याच्या ओळखीचीच: दुधाळ फेस. शिवाय विकरांची किंमत, फिरवण्याच्या यंत्राला वीज आणि उरलेल्या पाण्याची विल्हेवाट.

१९४२ च्या आंदोलनात तुरुंगात असताना कुमारप्पांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेवरचे आपले पुस्तक लिहिले. निसर्गाच्या चालू उत्पन्नावर जगावे, साठ्यावर नव्हे, हा त्याचा गाभा. उच्च रक्तदाबाने ते पुढे थकत गेले. अविवाहित राहिले, शेवटची वर्षे मदुराईजवळच्या आश्रमात काढली आणि ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या स्मृतिदिनीच, मद्रासला वारले.

मोहाच्या बीला त्यांच्या वेळेइतकीच आजही घाई असते. बी ओलसर राहिले की तिच्या आतलेच लायपेज हे विकर तेल फोडू लागते, तेल खवट होते आणि भाव पडतो. मुरबाडच्या अंगणात जूनच्या तोंडावर बिया वाळत घालणारीला या विकराचे नाव माहीत नसेल. आभाळ भरून आले की ती सूप आत ओढते.